नानांचं मशीन

फोन आला तेव्हा मी साडी नेसून उभा होतो.

दचकू नका. माझा धंदाच तो आहे. सुरतच्या कापड मार्केटमध्ये घाऊक साड्यांच्या दुकानात मी सेल्समन आहे, आणि पंचवीस वर्षं साड्या अंगावर घेऊन दाखवतो. इस्त्रीच्या पँटवर निऱ्या, खांद्यावर पदर, एक हात कमरेवर. गादीवर बसलेले नागपूरचे व्यापारी हसतात, त्यांच्या बायका निरखून बघतात आणि माल जातो. त्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या अंगावर जांभळी जरीकाठी साडी होती. मी नवरीच्या थोरल्या जावेचा आवाज काढून ठसक्यात बोलत होतो. खिशात फोन वाजला. निऱ्या सांभाळत तो काढला, तर नानांचं नाव. मी त्याच ठसक्यात म्हणालो, "बोला भाऊजी!" पलीकडून नानांचा मुलगा दीपक म्हणाला, "काका, पप्पा ऑफ हो गए..."

मी साडी सोडायला लागलो तर पदराची पिन निघेना. एवढंच नीट आठवतं. व्यापाऱ्याच्या बायकोने उठून ती पिन काढली.

पुंडलिकनाना हे माझे कोण, हा प्रश्न त्यांच्या अंत्ययात्रेत तिघांनी विचारला. मी म्हणालो, "आम्ही एका खात्यात होतो." सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. ही थाप मूळची नानांचीच. खरं असं की आम्ही दोघं एकाच मानसोपचार केंद्राचे पेशंट. रात्री राहायचं नाही, सकाळी दहाला जायचं आणि दुपारी घरी यायचं. गोळ्या, गटात बसून बोलणं, श्वासाचे व्यायाम, चहा. लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत याला डोक्याचा दवाखाना म्हणतात, म्हणून नाना रोज आठ वाजता जेवणाचा डबा घेऊन, खात्याच्या जुन्या कपड्यांत, दिवसपाळीला निघाल्यासारखे निघत. दोन तास कुठेतरी घालवत आणि दहाला केंद्रात हजर. पहिल्याच दिवशी हजेरीच्या वहीत सही करून त्यांनी आमच्या समुपदेशक हेतलबेनना विचारलं होतं, "बेन, सुट्टी कितीला?"

माझं दुखणं तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. काही महिने मी जगाचा राजा असतो. झोप लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही. अशाच एका काळात मी दुकानातल्या चाळीसेक साड्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांना, "घे माझ्या बहिणी," म्हणत वाटून टाकल्या होत्या. शेठने मला पोलिसांकडे न नेता डॉक्टरकडे नेलं, ही त्यांची पुण्याई. मग ते ओसरतं आणि काही महिने मला आंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते. डॉक्टरांकडे याला मोठं नाव आहे. माझी बायको सुरेखा पहिल्याला लग्नसराई म्हणते आणि दुसऱ्याला मंदी.

नानांचं दुखणं वेगळंच होतं. शिंदखेड्याकडून विशीत आलेला हा माणूस, पस्तीस वर्षं लूमवर उभा. बारा तास खटाखट. कान अर्धे गेलेले. सुरतेजवळच्या सचिन गावातलं शेवटचं खातं बंद पडलं, मुलगा म्हणाला आता घरी बसा, आणि घरी बसताच त्यांना धडकी भरायला लागली. छाती धडधडायची, घाम फुटायचा, आता मरतो असं वाटायचं. तीनदा रिक्षातून दवाखान्यात नेलं. तीनदा ईसीजीची पट्टी काढली. तिन्ही वेळा हृदय ठणठणीत. तिसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. घबराटीचा आजार.

पण ती घबराट कशाने येते हे आम्हाला केंद्रात पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेही एका फजितीतून. केंद्रात एक शांत खोली आहे. पडदे ओढायचे, चटईवर पडायचं, डोळे मिटायचे आणि हेतलबेन मधासारख्या आवाजात सांगतात, "आता सगळे आवाज दूर जाताहेत..." आम्ही सात जण पडलो होतो. आवाज दूर गेले. आणि नाना ताडकन उठून ओरडले, "बेन, पंखा जोरात करा, नाहीतर मी मरतो!" धावत बाहेर गेले. मी मागे गेलो. त्या दिवसांत माझी लग्नसराई उतरणीला लागली होती, पण कुठेही तमाशा असला की मी पहिल्या रांगेत. बघतो तर काय, व्हरांड्यातल्या पाण्याच्या जुन्या कूलरला नाना मिठी मारून उभे. तो कूलर असा खडखडायचा की त्याच्याजवळची खुर्ची कायम रिकामी असे. नानांनी त्याच्या पत्र्याला गाल लावला होता आणि डोळे मिटले होते.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"खात्यात रातदिन आवाज," ते म्हणाले. "समदी मशीनं एकदम बंद झाली, तर समजायचं की लाइट गेली, नाहीतर कोणाचा तरी हात गेला. मी दोनदा पाह्यलं. शांत झालं की माले वाटस, कोणी तरी मेलं."

तेवढ्यात कूलर आपला आपण बंद पडला. नानांचा चेहरा उतरला. आणि मी... काय सुचलं कोण जाणे, तोंडाने लूम चालवायला लागलो. खट्-खटाक, खट्-खटाक, मध्येच धोटा धडकल्याचा ठक्. गल्लीत लहानपणापासून ऐकलेला आवाज, नाटकी माणसाला काय कठीण? नाना परीक्षक बसावा तसे ऐकत राहिले. त्यांचा श्वास हळूहळू माझ्या ठेक्यावर आला. मग गंभीरपणे विचारलं, "कोणत्या कंपनीचं मशीन शे?"

"घरगुती आहे."

"तरीच. तेल घाल याले." आणि हसले. घाम पुसत म्हणाले, "चालू व्हई गयं."

हे तीन शब्द पुढे दीड वर्ष मी ऐकले. हेतलबेनची एक पद्धत होती. प्रत्येक पेशंटला दुसरा एक पेशंट जोडीदार. घबराट आली की आधी जोडीदाराला फोन करायचा. त्यासाठी एक कार्ड छापलेलं असे: दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा, चार वस्तूंना हात लावा, असं काहीबाही. नानांनी ते वाचून परत दिलं. "पाच कुठून आणू? घरात चारच वस्तू शेत." त्यांना कार्ड नको होतं, मशीन हवं होतं. फोन वाजायचा, पलीकडे फक्त धापा. मी जिथे असेन तिथे, बसमध्ये, भाजीच्या रांगेत, एकदा तर मेहुण्याच्या साखरपुड्यात, तोंडापुढे हात धरून खट्-खटाक सुरू करायचो. दहा मिनिटं लागायची, कधी पंधरा. मध्येच नाना तक्रार करायचे, "तार तुटला रे तुझा, जोड," किंवा "आज मशीन खोकतंय." आणि शेवटी तेच. चालू व्हई गयं. ते ऐकल्याशिवाय मी फोन ठेवत नसे. तसा आमचा करारच होता.

आता यात मीच मोठा दानशूर वाटतो, म्हणून पुढचं सांगितलंच पाहिजे. गेल्या हिवाळ्यात माझी मंदी आली. दिंडोलीच्या घरात आतल्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडलो. त्या काळात मला आवाज सोसत नाही, कुकरची शिट्टीसुद्धा चाकूसारखी लागते. सुरेखाने टीव्ही बंद ठेवला, पोरीला मावशीकडे धाडलं, पंख्याची करकर नको म्हणून पंखाही बंद. केंद्रात मी आठवडाभर गेलो नाही, तेव्हा एका दुपारी नाना डबा घेऊन आले. आत येऊन पलंगाशेजारी खुर्चीवर बसले. एक शब्द नाही. मी भिंतीकडे तोंड करून, ते माझ्या पाठीकडे तोंड करून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कूस वळवली, तर नाना दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे गच्च धरून बसलेले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ओठ पांढरे. थंडीचे दिवस होते हो!

आठवड्यातलं माझं पहिलं वाक्य मी बोललो. "नाना, पंखा लावा."

"नको. तुले तरास व्हई."

असे ते चार दिवस आले. शांततेत दोन-दोन तास बसले. ज्याला शांततेत मरण दिसायचं, तो माणूस... पाचव्या दिवशी मीच उठून पंखा पाचवर केला आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर नाना पंख्याखाली माझ्या पलंगावर आडवे होऊन घोरत होते. सुरेखा म्हणाली, "पेशंट नेमका कोण आहे, एकदा ठरवा."

आता तो बुधवार. माझी तब्येत छान होती. दुकानात नागपूरचं मोठं गिऱ्हाईक बसलेलं. चार वाजता नानांचा फोन. मी गोदामात साड्यांच्या गठ्ठ्यांमागे गेलो. पलीकडे धापा, नेहमीच्याच. मी विचारलं, "नाना, सुरू करू?" ते म्हणाले, "कर." मी सुरू केलं. त्या दिवशी त्यांनी एकही खोडी काढली नाही. तार तुटला नाही, मशीन खोकलं नाही. मध्येच विचारलं, "तुनं गिऱ्हाईक शे का?"

मी म्हणालो, "आहे, पण बसलंय. बसू दे."

थोडं थांबले. मग म्हणाले, "चालू व्हई गयं. जाय तू."

तीन मिनिटं. फक्त तीन मिनिटं लागली होती. आणि मी काय केलं सांगू? खूश झालो. गोदामातून येता येता वॉचमनला म्हणालो, "आज आपला रेकॉर्ड झाला." मग एकेक साडी दाखवत जांभळीपर्यंत आलो.

सहा वाजता दवाखान्यात नेताना रिक्षातच नाना गेले. या वेळी हृदयच होतं.

चौथ्या वेळीही पट्टी काढायला हवी, हे उशीर होईपर्यंत कुणाच्या मनातही आलं नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण शाळेत शिकतो. फरक एवढाच की नाना तीनदा खोटं बोलले नव्हते. तीनही वेळा त्यांना खरंच मरण दिसलं होतं. आणि डोक्याचा पेशंट असा शिक्का बसला की छातीसुद्धा डोक्यातच जमा होते. हे मला बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी मार्केट डोक्यावर घेतलं असतं. मीही त्याच शिक्क्याचा. एकदा माझी दाढ दुखत होती, तर सख्ख्या भावाने विचारलं होतं, "गोळी चुकली का?" तेव्हा मी चिडलो होतो. आणि नानांच्या धापा ऐकून मी एकदाही विचारलं नाही, कुठे दुखतंय का?

दहाव्याला गेलो तेव्हा नानींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, चार बायकांत माझे हात धरले. "भाऊ, तुमच्यामुळे शेवटी शांत झाले ते. तुमचा फोन झाला अन् हसले." मी काहीतरी पुटपुटून चपला न घालताच गल्लीच्या टोकापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी हेतलबेनना सांगितलं, जोडीदारांच्या यादीतून माझं नाव काढा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "आवाज बसलाय." त्या म्हणाल्या, "नाव काढत नाही. बाजूला ठेवते."

तीन आठवडे मी गप्प होतो. मंदी आली असं सुरेखाला वाटलं, तिने गोळ्या मोजल्या. गोळ्या बरोबर होत्या. मंदी नव्हतीच, आणि ते मला नीट कळत होतं. मंदीत काही वाटत नाही. हे वाटत होतं. शेवटी एका रविवारी सकाळी मी लिंबायतला गेलो. नानी एकट्याच होत्या. खोलीत पंखा पाचवर, आणि ओट्यावर मिक्सर नुसताच फिरत होता, भांड्यात काही नाही. मला बघून त्यांनी तो बंद केला. "त्यासनी सवय," म्हणाल्या. "आता मालेच करमत नई त्याबिगर."

मी बसलोही नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. फोनवर मी फक्त तोंडाने आवाज काढला. काहीही विचारलं नाही. माझं गिऱ्हाईक बसलंय हे त्यांना कळलं, म्हणून ते चालू झालं म्हणाले. ते बरे झाले नव्हते, नानी. त्यांनी मला मोकळं केलं. माझे आभार मानू नका.

नानींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "दुपारी माले सांगत होते, डावा हात दुखस. मी म्हटलं, कूस चुकीची घेतली असंल. मग घाम आला. मी त्यासले घबराटनी गोळी दिधी... पानी मीच दिधं." थोड्या वेळाने, "दीपकले नही सांगितलं मी हे. कोणालेच नही सांगितलं."

मग मी बसलो. त्यांच्यासमोर, जमिनीवर. दोघंही रडलो नाही, खोटं कशाला सांगू. दोघांनी मिळून एकच ओझं उचललं होतं आणि कुठे ठेवायचं ते कुणालाच कळत नव्हतं, असं काहीतरी. शेवटी नानीच म्हणाल्या, "तो आवाज एकदा काढा बरं. मी कधी ऐकला नई. ते दार लावून फोन करत."

मी प्रयत्न केला. खट्... एवढाच आला. नानींनी ओट्यावरची स्टीलची ताटली घेतली आणि चार बोटांनी तिच्यावर ठेका धरला. खट्-खटाक, खट्-खटाक. लग्नानंतरची सारी वर्षं खात्याच्या भिंतीला लागून राहिलेली बाई ती. चुकणार कशी? मला म्हणाल्या, "तुमचा पहिलाच ठोका चुकस. उशिरा पडस." दीड वर्ष नानांनी ते चुकीचं मशीन ऐकून घेतलं, तर!

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "फोन उचलनं सोडू नका, भाऊ. आधी इचारत जा, तेवढंच."

सोमवारी केंद्रात गटासमोर मी सगळं सांगितलं. नानींची परवानगी घेऊन त्यांचंही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पाठ थोपटली नाही. एका बाईने फक्त विचारलं, "मग काय विचारायचं होतं?" हेतलबेन उठल्या आणि जोडीदाराचं ते जुनं कार्ड घेऊन आल्या. आम्ही सात जणांनी मिळून त्याच्या डोक्यावर नव्या ओळी लिहिल्या: छातीत दाब आहे का? हात, जबडा, पाठ दुखते का? घाम नेहमीपेक्षा वेगळा वाटतो का? एकाचंही उत्तर हो आलं, किंवा नुसती शंका आली, तर पुढचं काही करू नका, एकशे आठला फोन लावा. आधी कितीदा पट्टी चांगली आली होती, हे विचारायचं नाही. ही शेवटची ओळ माझी. खाली पाच वस्तू, चार वस्तू, ते सगळं तसंच आहे.

कूलरजवळच्या नानांच्या खुर्चीवर आता वर्षाबेन बसतात. नव्या आहेत, शिक्षिका होत्या, गर्दीत गेल्या की श्वास कोंडतो. पहिल्याच दिवशी त्यांनी तक्रार केली की हा कूलर फार वाजतो, दुरुस्त का करत नाही? आम्ही सगळे एकदम चहाच्या कपांत बघायला लागलो. हेतलबेननी त्यांना माझी जोडीदार केलं आहे. मला न विचारता.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. भाजी बाजारात होत्या. धापा. माझ्या हातात साडी होती, समोर गिऱ्हाईक होतं. मी साडी खाली ठेवली. कार्ड खिशातून काढलं, पाठ असूनही, आणि एकेक ओळ वाचून विचारली. छातीत? ना. हात? ना. जबडा, पाठ? ना. घाम? "नेहमीसारखाच," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हाही ना. मगच मी आवाज बदलला. वर्षाबेनना लूम चालत नाही, त्यांना साड्या लागतात. मी गिऱ्हाइकाकडे पाठ करून त्यांना फोनवर साड्या दाखवायला सुरुवात केली. ही बघा बेन, पोपटी, काठावर मोर, मोराला मान नाही पण पदराला आहे... त्या मध्येच हसल्या. श्वास खाली आला. म्हणाल्या, "हवे सारुं लागे छे, भाई. थँक्यू." आणि फोन ठेवला.

बरोबरच आहे. आता बरं वाटतंय, याहून त्यांनी आणखी काय म्हणायला हवं होतं?

गिऱ्हाईक मागून हाका मारत होतं. मी तो बंद फोन कानाला धरून, अजून तीन शब्द यायचे राहिलेत अशा सवयीने, थोडा वेळ तसाच उभा राहिलो...